आधी उत्तर शिकवा

दुबई-शारजात वाढणाऱ्या मराठी मुलांना अरबी टळत नाही. तिथल्या खासगी शाळांत, अगदी भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांतही, ती सक्तीची आहे. तरी शेजारचे इजिप्शियन आजोबा लिफ्टमध्ये 'सबाह अल-खैर' म्हणाले की पोर आईच्या मागे लपतं. शब्द त्याला चित्रांच्या कार्डावरून पाठ असतात. समोरच्यानं म्हटल्यावर आपण काय म्हणायचं, हे मात्र कुणी करून दाखवलेलं नसतं.

अरबी अभिवादन एकट्यानं पाठ करायची गोष्टच नव्हे. 'सबाह अल-खैर'ला 'सबाह अन-नूर', 'शुक्रन'ला 'अफवन', 'अस्सलामु अलैकुम'ला 'व अलैकुमुस्सलाम', आणि जमलं तर पुढे 'व रहमतुल्लाह'. कुणी अभिवादन केलं तर त्याहून चांगलं करावं, निदान तेवढं तरी परत द्यावं, असं कुराणाच्या चौथ्या अध्यायातच सांगितलं आहे. इजिप्तमधली माणसं तर 'सबाह अल-फुल' म्हणून सकाळी सकाळी मोगराच हातात देतात. या चढाओढीत मुलं लगेच रमतात. त्यांना एका वेळी एकच जोडी द्यावी, तीही दारातून निघताना, उजवा हात छातीवर ठेवून. लिपीची घाई नको. 'मरहबा'तला 'ह' मात्र कानावर पडू द्या. चष्म्याची काच पुसण्याआधी आपण तिच्यावर 'हाऽ' करतो, तसा तो घशातून येतो. मोठ्यांना तो वर्षानुवर्षं साधत नाही, मुलं सहज उचलतात.

पुरुषाला 'कैफ हालक', बाईला 'कैफ हालिक'. घरात 'कसा आहेस', 'कशी आहेस' ऐकणाऱ्या मुलाला यात काहीच नवल वाटत नाही. शाळेतल्या भाषा झेपाव्यात म्हणून घरातली मराठी बंद करणाऱ्या आईबापांचा म्हणूनच मला राग येतो.

खरी अडचण आपलीच आहे. कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, मल्याळी, टॅक्सीत पाकिस्तानी, ऑफिसात इंग्रजी. अरबीवाचून आपलं कधी काही अडलंच नाही. मग मुलानं ती ऐकायची कुणाच्या तोंडून? ज्या वर्गात शिकवणाऱ्या बाई सीरियाच्या किंवा जॉर्डनच्या असतात, तिथेही तास संपला की ती भाषा दप्तरात जाते.

तेव्हा लिफ्टचं दार उघडलं की मुलाला 'बोल ना, बोल' म्हणून ढोसू नका. मोबाइल खिशात ठेवा आणि आजोबांना आधी तुम्ही सलाम करा.