रिकामा रकाना आणि अनुपलब्धी

अनुपलब्धी, म्हणजे एखादी वस्तू न आढळणे, हे कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानले, परंतु त्याला योग्यतेची अट घातली. घट असता तर तो दिसलाच असता, एवढा उजेड असतानाच त्याचे न दिसणे त्याचा अभाव सिद्ध करते. अंधारात चाचपडणाऱ्याच्या हाती घट लागला नाही, एवढ्यावरून घट नाही असे ठरत नाही. वस्तुसंग्रहालयांच्या पाहणीतील आकडे वाचताना नेमकी हीच अट विसरली जाते.

अशा पाहणीची प्रश्नावली भरायला लिपिक लागतो, नोंदवही लागते. १९२२ साली खुल्या झालेल्या मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारख्या संस्थेला हे अवघड नाही; पण जिथे कुलूप उघडणारा, झाडणारा आणि माहिती सांगणारा माणूस एकच असतो, तिथली जागा कोरी राहते आणि तक्त्यात कोऱ्या जागेचे नकळत शून्य होते. सरासरीची गत याहून बरी नाही. नऊ संग्रहालयांना प्रत्येकी १,००० आणि दहाव्याला १०,००,००० प्रेक्षक लाभले असे धरले, तर सरासरी १,००,९०० येते, आणि ती दहांपैकी एकाचीही नसते. बौद्ध तत्त्वज्ञ दिङ्नागाच्या परिभाषेत अशी सरासरी हे सामान्यलक्षण, म्हणजे बुद्धीने रचलेले रूप होय. स्वलक्षण, म्हणजे प्रत्यक्षातली एकमेव वस्तू, त्यात सापडत नाही.

अशा तक्त्यात जालना जिल्ह्यापुढे शून्य दिसले, तर ते कशाचे शून्य मानावे? याच जिल्ह्यातील, समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेल्या जांब समर्थ येथील मंदिरातून ऑगस्ट २०२२ मध्ये जुन्या मूर्ती चोरीस गेल्या व पुढे मिळाल्या. त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने प्राग येथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. संशोधन, संग्रह, जतन आणि प्रदर्शन करणाऱ्या संस्थेच्या त्या व्याख्येत मंदिर बसत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण मूर्ती तिथे पूजेसाठी असते; मात्र म्हणून तिथे काही जपलेच जात नाही, हा निष्कर्ष प्रश्नावलीचा नसून वाचकाचा असतो.

जालना जिल्ह्यातल्याच भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथे १९७३ साली झालेल्या उत्खननात इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी साम्य असलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. याच नगरातील दात्यांचे उल्लेख भरहुत आणि सांची येथील स्तूपांच्या लेखांत आढळतात, आणि तिथे दात्यांची बेरीज दिलेली नाही. ज्याने जो दगड दिला, त्या दगडावर त्याचे नाव आणि गाव कोरलेले आहे.