पोट लहान झालं, चव तेवढीच राहिली

आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ५९



आजचा श्लोक दोनच ओळींचा आहे, पण गेली दोन वर्षं तो माझा पिच्छा सोडत नाहीये. भगवंत अर्जुनाला सांगतात की, जो आहारच घेत नाही, त्याच्यापासून विषय दूर होतात. पण त्यांची गोडी, त्यांचा ‘रस’ आत तसाच राहतो. तो रस जातो परमतत्त्वाचं दर्शन झाल्यावर.

मला या श्लोकाचा अर्थ ऑपरेशननंतर कळला.

तेव्हा माझं वजन १२८ किलो होतं. पुण्यात नोकरी, रात्री अकराला झोमॅटो, एकतिसाव्या वर्षी शुगर. शेवटी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. यात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी. सुरुवातीला तिच्यात जेमतेम १०० ते १५० मिलिलिटर मावतं, म्हणजे चहाचा एक कप. पहिले दोन आठवडे नुसतं पातळ: ताक, वरणाचं पाणी, प्रोटीनची पावडर. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ वरण-भात, आणि दीड-दोन महिन्यांनी हळूहळू नेहमीचं जेवण. तेही प्रत्येक घास पंचवीस-तीस वेळा चावून. आधी डाळ, पनीर, उसळ, भात-पोळी नंतर. जेवताना पाणी नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या कायमच्या.

खरं सांगू? पहिले सहा महिने सोपे गेले. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं, आणि तोच भाग काढलेला. त्यामुळे भूकच लागत नव्हती. दोन घास जास्त झाले की छातीत दडपायचं, मग उलटी. वजन उतरत होतं. ऑफिसमधले म्हणायचे, ‘काय कंट्रोल आहे यार तुझा!’ मी हसून ते कौतुक खिशात घालत होतो. पण त्यात माझं काय होतं? दाराला कुलूप होतं म्हणून चोर आत शिरला नाही, तर चोराला साधू म्हणायचं का?

वर्षभरानंतर चोराला खिडकी सापडली. भाकरी-भाजी त्या नळीत अडते, लवकर पोट भरतं. आइस्क्रीम अडत नाही. मिल्कशेक अडत नाही. चिवडा, बिस्किटं मूठ-मूठ करत दिवसभर खाल्ली तर तीही अडत नाहीत. जेवायला बसल्यावर मी अर्धी पोळी खाऊन हात धुवायचो, आणि लॅपटॉपशेजारी डबा उघडाच असायचा. तीन महिन्यांत सहा किलो परत आले. डॉक्टरांना सांगितलं नाही, आईलाही नाही.

याहून वाईट गोष्ट सांगतो. त्या दिवसांत मी एकादशी अगदी कडक धरायला लागलो होतो. घरी सगळ्यांना बरं वाटायचं. प्रत्यक्षात उपासाच्या नावाखाली जेवण टळायचं आणि बटाट्याचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू संध्याकाळपर्यंत चालू राहायचे. चोरी लपवायला मी देवाचा आडोसा घेतला होता.

मागच्या २० डिसेंबरला मी मूर्तिजापूरला घरी होतो. गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली याच तारखेला बाबा गेले. त्यांचं लहानपण आमच्याच तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामांकडे गेलं, त्यामुळे आमच्याकडे बाबा म्हणजे घरातलंच माणूस. घराजवळ पंगत होती. रोडगे, वरण, वांग्याची भाजी. वाढणाऱ्याने दोन रोडगे ठेवून वर तुपाची धार सोडली. शेजारची आजी म्हणाली, ‘घे नं राजा, एका रोडग्यानं काय होते?’ मी पाव रोडगा खाल्ला आणि थांबलो. समोरचे आजोबा पानाकडे बघून म्हणाले, ‘पानात टाकू नको बाप्पा, अन्न हाये ते.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता धर्म कोणता? खाल्लं तर उलटी, ठेवलं तर अन्नाचा अपमान. दोघंही मायेनंच बोलत होते, आणि आजोबांचं तर बरोबरच होतं. बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की पानात टाकायचं की नाही हा प्रश्न उशिराचा आहे. खरी वेळ वाढताना होती. तेव्हा हात आडवा करून ‘चतकोरच द्या’ म्हणायला मी लाजलो. वजन जास्त होतं तेव्हा खाताना लाज नाही वाटली, आणि आता कमी मागताना वाटली!

मग बाबांचं गाडगं आठवलं. त्यांच्याजवळ ताट-वाटी नव्हती, एक मातीचं गाडगं होतं. आधी गाव झाडायचं, मग त्यात मिळेल ती भाकरी खायची. स्वतःचं भांडं एवढंसं ठेवलेल्या त्या माणसानं भुकेल्यांसाठी पंगती उठवल्या, यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. माझं भांडं डॉक्टरांनी लहान केलं, बाबांनी आपलं स्वतः लहान ठेवलं. फरक एवढाच, आणि सगळा फरक तोच.

उरलेले रोडगे डब्यात घालून घरी नेले. आणि पुढच्या पंगतीला वाढायला उभा राहिलो. दोन तास तुपाचं भांडं हातात होतं. खायची आठवणसुद्धा झाली नाही. कुणाला अजून भाजी हवी, कोणत्या म्हाताऱ्याला रोडगा कुस्करून द्यायचा, यातच जीव होता. श्लोकातल्या दुसऱ्या अर्ध्याचा एक कण तेव्हा चाखायला मिळाला असेल. मोठं काही झालं असं म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत चिवड्याचं पाकीट फोडलंच. पण अर्ध्यावर बंद केलं आणि आईला फोन लावून सगळं सांगितलं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनाही. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘ऑपरेशन म्हणजे हत्यार. चालवायचं तुम्हालाच.’ आहारतज्ज्ञांकडे परत जायला लागलो. सहापैकी चार किलो उतरलेत. दोन अजून आहेत.

सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की, योग अति खाणाऱ्याला साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. तुमच्यापैकी कुणाची अशी शस्त्रक्रिया झाली असेल, तर उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्यांनी नको म्हटलं तर देव रागावणार नाही. आणि शस्त्रक्रिया झाली नसेल, तरी रात्री अकराला ॲप उघडताना एकदा विचारा: आत्ता कोण मागतंय, पोट की रस?

आजचा संकल्प: पान वाढलं जाण्याआधी आपलं माप मोकळेपणानं सांगायचं. आणि आज एका माणसाला आपल्या हातानं वाढायचं.

हे अन्नदात्या, घास घेताना तुझी आठवण राहू दे, आणि पुरे म्हणतानाही राहू दे.

राम कृष्ण हरी.