चित्रातला घोडा आणि फवाऱ्याचे अक्षर

स्प्रेच्या डब्यातून भिंतीवर उमटलेले अक्षर मध्यभागी दाट आणि कडेला विरळ असते. डब्यातील दाबामुळे रंगाचे बारीक थेंब होतात आणि शंकूच्या आकारात बाहेर फेकले जातात. शंकूच्या मध्यावर ते गर्दीने पडतात, कडेला विखुरतात. डबा भिंतीजवळ धरला तर रेघ ठसठशीत येते, लांब धरला तर धूसर. हात एका जागी रेंगाळला की रंग साचतो आणि भिंतीला तो पेलवेनासा झाला की ओघळ सुटतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, सिकामोर येथे, एडवर्ड सेमूर यांनी १९४९ मध्ये असा डबा तयार केला तो रेडिएटरवर ॲल्युमिनियमचा रंग मारण्यासाठी. भिंतींवर नावे आणि घोषणा लिहिणाऱ्यांच्या हाती तो नंतर आला. त्या लिखाणातील प्रत्येक खुणेमागे एक कारण असते: धूसरपणामागे अंतर, ओघळामागे रंगाचे वजन, तुटक रेघेमागे हाताची घाई.

फोटोशॉप किंवा गिंपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हेच अक्षर यांतील एकाही कारणाशिवाय तयार होते. भिंतीचे छायाचित्र खालच्या लेयरवर ठेवतात, वरच्या लेयरवर जाड ठशाची अक्षरे लिहितात आणि त्यांच्या कडा गॉसियन ब्लरने विरघळवतात. मग त्या लेयरला ‘डिझॉल्व्ह’ हा मोड देतात. या मोडमध्ये अर्धपारदर्शक पिक्सेल उरत नाही. तो एक तर पूर्ण दिसतो किंवा पूर्ण लपतो आणि कोणता दिसेल हे अपारदर्शकतेच्या प्रमाणात पण यदृच्छेने ठरते. त्यामुळे मऊ कडेचे रूपांतर विखुरलेल्या ठिपक्यांत होते. ‘डिस्प्लेस’ फिल्टर भिंतीच्या उजेड-सावलीवरून अक्षराचे पिक्सेल सरकवतो आणि रंग विटांच्या खाचांत उतरल्यासारखा दिसतो. ‘मल्टिप्लाय’ मोडमुळे भिंतीवरचे तडे रंगाखालूनही जाणवतात. ओघळ शेवटी काढायचे: बारीक गोल ब्रशने अक्षराच्या खालच्या टोकापासून सरळ रेघा ओढायच्या, लांबी कमीजास्त ठेवायची आणि टोकाशी थेंब किंचित फुगवायचा.

स्टेन्सिलचे अक्षर करताना एक गोष्ट विशेष लक्षात येते. पत्र्यात ‘व’, ‘ब’ किंवा ‘क’ कापला तर अक्षराच्या पोटातला तुकडा सुटून पडतो. तो धरून ठेवायला बारीक पट्टी सोडावी लागते आणि तिच्यामुळे छापलेल्या अक्षरात एक फट राहते. पडद्यावर काहीच सुटून पडणार नसते. तरीही कलाकार ती फट मुद्दाम काढतो, कारण तिच्याशिवाय अक्षर स्टेन्सिलचे वाटत नाही. पत्र्याची गरज संपली, तिची खूण मात्र अलंकार होऊन उरली.

भारतीय तर्कशास्त्राचा एक जुना प्रश्न इथे नव्याने उभा राहतो. कार्यावरून कारणाचे अनुमान करता येते, धूर दिसला की अग्नी आहे असे म्हणता येते, ते त्या दोहोंमध्ये व्याप्ती, म्हणजे न चुकणारे साहचर्य, असते म्हणून. अशा अनुमानाचे एक उदाहरण म्हणजे इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर लेआंग तिंपुसेंग गुहेत असलेला हाताचा ठसा. भिंतीवर टेकवलेल्या पंजाभोवती रंग फुंकला गेला आणि पंजा उचलल्यावर त्याचा रिकामा आकार उरला. तो किमान ३९,९०० वर्षांपूर्वीचा आहे. तिथे हात होता, हे अनुमान आजही पक्के आहे, कारण हाताशिवाय ती रिकामी जागा घडलीच नसती. सॉफ्टवेअरमधल्या ओघळावरून मात्र वजनाचे अनुमान होत नाही. बौद्ध तर्कग्रंथांत अशा संशयित हेतूचे, म्हणजे अनुमानाच्या आधाराचे, उदाहरण येते: दुरून दिसणारा पुंजका धुराचा की वाफेचा याचीच शंका असेल, तर त्यावरून अग्नी सिद्ध होत नाही. इथला ओघळ त्या वाफेसारखा आहे.

मग अशा अक्षराला खोटे म्हणावे काय? काश्मीरचे नाट्यमीमांसक श्रीशंकुक यांच्यापुढे असाच प्रश्न नटाविषयी होता. त्यांचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. अभिनवगुप्तांनी नाट्यशास्त्रावरील ‘अभिनवभारती’ या टीकेत त्यांचे मत मांडून तपासले, म्हणून ते कळते. रंगमंचावर रामाची भूमिका करणारा नट पाहताना ‘हा राम आहे’ असे जे वाटते, ते यथार्थ ज्ञान नव्हे, भ्रमही नव्हे, संशय नव्हे आणि ‘हा रामासारखा आहे’ असे सादृश्याचे ज्ञानही नव्हे. भिंतीवर काढलेला घोडा पाहून माणूस सहज ‘घोडा’ म्हणतो, पण त्यावर बसायला जात नाही. ज्ञानाच्या त्या चारही प्रकारांहून वेगळी अशी ही प्रतीती चित्रतुरगन्याय या नावाने ओळखली जाते. भित्तिपत्रकावर स्प्रेचे अक्षर पाहणाऱ्याची स्थिती हीच असते. तो कागदाला हात लावून रंग ओला आहे का ते पाहत नाही. तरीही रस्ता, रात्र, घाई, बंड हे सारे त्याच्या मनात जागे होते. त्याला कोणी फसवलेले नाही.

शंकुकांचे मत मात्र टिकले नाही. अभिनवगुप्तांचे गुरू भट्टतौत यांनी त्यावर घेतलेले आक्षेप फार धारदार आहेत आणि पडद्यावरच्या अक्षराला ते नेमके लागू पडतात. अनुकरण करायचे तर मूळ वस्तू पाहिलेली हवी, असे ते म्हणतात. रामाच्या मनातली रती नटाने पाहिलेली नसते, तर तो अनुकरण कशाचे करतो? स्प्रे इफेक्ट करणाऱ्या अनेकांनी डबा कधी हातात धरलेला नसतो. त्यांनी पाहिलेल्या असतात त्या रंगवलेल्या भिंतींच्या प्रतिमा. अनुकरण होते ते खुणेचे. रंगवण्याची क्रिया त्यात येतच नाही. तौतांचा दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. धुके हे धुराचे अनुकरण आहे असे कळले, म्हणून त्यावरून अग्नीचे अनुकरण करणारा जास्वंदीच्या फुलांचा ढीग असल्याचे अनुमान कोणी करत नाही. तसेच, ओघळ नकली आहे हे कळल्यावर त्यामागे नकली रंगारी असल्याचे अनुमान होत नाही. चित्रातल्या गाईबद्दल ते म्हणतात की शेंदूर वगैरे रंग गाईच्या अवयवांसारख्या रचनेत मांडलेले असतात आणि म्हणून ती गाईसारखी दिसते, एवढेच. शेंदराच्या जागी पिक्सेल ठेवले तरी या विवेचनात एक शब्दही बदलावा लागत नाही.

यदृच्छेचा प्रश्न थोडा वेगळा आहे. श्वेताश्वतर उपनिषदाने जगाच्या कारणांचा विचार करताना काल, स्वभाव आणि नियती यांच्या शेजारी यदृच्छाही ठेवली आहे. डब्यातून सुटलेला थेंब नेमका कुठे पडेल हे कोणी सांगू शकत नाही आणि तसाच फवारा पुन्हा मिळत नाही. सॉफ्टवेअरमधले विखुरलेले ठिपके गणिताने काढलेल्या आकड्यांवर बसतात. गिंपच्या नॉइज फिल्टरना एक बीजांक देता येतो. तोच बीजांक, त्याच चित्रावर, त्याच मापांनी पुन्हा दिला की ठिपक्यांची तीच रांग तंतोतंत उमटते. डोळ्याला जी यदृच्छा वाटते, ती इथे नियती आहे. दिसण्यातले साम्य कितीही वाढले तरी हा भेद मिटत नाही आणि खऱ्या भिंतीला जो मान मिळतो त्याचे कारण बहुधा हेच आहे: ती एकदाच घडलेली असते.

शंकुक आणि तौत यांच्यात निवाडा करायचा तर वापर पाहावा लागतो. नाटकाची जाहिरात, पुस्तकाचे मुखपृष्ठ, गाण्याचे शीर्षक यांत शंकुकांचा घोडा पुरतो; पाहणाऱ्याला चौकट ठाऊक असते आणि त्या चौकटीतच प्रतीती रंगते. एखाद्या खऱ्या गावातल्या खऱ्या भिंतीच्या छायाचित्रावर घोषणा चढवून, ‘इथे हे लिहिलेले आढळले’ म्हणून ते चित्र पुढे पाठवले, की चौकट निघून जाते. आता तेच अक्षर पुरावा म्हणून, धूर म्हणून समोर येते. लिहिणारा हात, तो समाज, त्याचा राग यांचे अनुमान लोक करू लागतात आणि त्या अनुमानातून खऱ्या माणसांवर खरे आघात होऊ शकतात. तंत्र दोन्हीकडे एकच आहे: तोच ब्लर, तेच ठिपके, तोच ओघळ. असत्य आले ते अक्षर पुढे करण्याच्या कृतीतून, म्हणून दोषही त्या कृतीचा.

ही चौकट मूळ फाइलमध्ये शाबूत असते. तिच्यात भिंत, अक्षर, ठिपके आणि ओघळ आपापल्या लेयरवर वेगळे राहतात आणि कोणीही ते एकेक करून बंद करून खालची कोरी भिंत पाहू शकतो. जेपीईजी म्हणून जतन केलेल्या प्रतीत लेयर राहत नाहीत.