दारी यंत्र आणावे का, आणि आणावे तर केवढे?

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील माळकरी मंडळींकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी येतो. रान दोन-तीन एकर, रानातच वस्ती, चार गाई, एक विहीर, पाच-पन्नास डाळिंबाची झाडे. पोरगा रांजणगावला नाहीतर कुरकुंभला कारखान्यात जातो. औत हाकायला गडी मिळत नाही. तेव्हा एक लहानसा ट्रॅक्टर घ्यावा म्हणतो, घ्यावा काय? आणि घेतला तर गळ्यातल्या माळेला तो शोभेल काय?

पहिला प्रश्न दुकानदाराला विचारण्याचा आणि दुसरा फडावर विचारण्याचा, असे कोणी म्हणेल. आमच्या मते हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. आपला संप्रदाय प्रापंचिकांचा आहे. सावतामहाराज अरणच्या मळ्यात राबत होते, गोरोबाकाका चिखल तुडवीत होते, सेनामहाराजांच्या हाती वस्तरा होता. कामाचे साधन कोणते असावे, केवढे असावे, कोणाच्या पैशाने आणावे, याचा विचार परमार्थाबाहेरचा असता तर या संतांना आपापला धंदा टाकूनच देव भेटला असता. तसे झाले नाही. म्हणून या प्रश्नाला हसून टाळू नये.

यंत्र म्हणजे अधर्म, असे म्हणणारे काही वडीलधारे आहेत. त्यांचा आदर राखून आम्ही एक गोष्ट आठवून देतो. 1903 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असे शेतकरी म्हणत. पहिले नांगर बरेच दिवस पडून राहिले. पुढे तोच नांगर घरोघर गेला आणि जमीन काही विषारी झाली नाही. लाकडी नांगर सात्त्विक आणि लोखंडी तामसी, असा भेद काळ्या आईने केला नाही. मग डिझेलचा तेवढा का करावा? पाप-पुण्य यंत्राच्या लोखंडात नसते; ते आणणाऱ्याच्या हेतूत आणि वापरणाऱ्याच्या हातात असते.

परंतु येथे थांबून चालणार नाही. कारण याच न्यायाने वाटेल ते दारी आणता येईल आणि हेतू शुद्ध आहे असे म्हणता येईल. हेतू शुद्ध की अशुद्ध हे तपासायचे कसे? आमच्या अल्पमतीने त्याच्या चार कसोट्या आहेत.

पहिली कसोटी गरजेची. वर्षाची कामे एका कागदावर लिहून काढावीत. शेणखत रानात नेणे, पाळी घालणे, सरी पाडणे, कोळपणी, फवारणी, गाईंची वैरण वाहणे, कडबाकुट्टी फिरवणे, उन्हाळ्यात पाण्याची टाकी ओढणे, वस्तीचा रस्ता सारखा करणे. कोणत्या कामाला किती तास लागतात ते पुढे मांडावे. बहुतेक वस्त्यांवर ही कामे पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरने होतात. डाळिंबाच्या ओळींत चौदा-पंधरा फुटांचे अंतर असते. फांद्या पसरल्या की मोठा ट्रॅक्टर आत शिरताना फळ झाडतो आणि लहान ट्रॅक्टर सरळ निघून जातो. भीमाकाठच्या काळ्या रानात ओल असताना जड यंत्र घातले की माती दबते आणि पुढे पाणी मुरत नाही. तेथेही हलकेच बरे.

उलट ज्याला खोडवा मोडून खोल नांगरट करायची आहे, कारखान्याला उसाच्या ट्रॉल्या ओढायच्या आहेत, त्याला लहान ट्रॅक्टर पुरणार नाही, हेही स्वच्छ सांगितले पाहिजे. पण खोल नांगरट वर्षातून एकदा. ती भाड्याने करून घ्यावी. एका दिवसाच्या कामासाठी तीनशे चौसष्ट दिवस मोठे यंत्र दारात उभे करणे म्हणजे एका पाहुण्यासाठी वाडा बांधणे होय.

आता मनाला विचारावे. आपल्या देशात सर्वांत अधिक खपतात ते चाळीस ते पन्नास अश्वशक्तीचे ट्रॅक्टर. ते सगळे गरजेपोटीच खपतात काय? शेजाऱ्याने पंचेचाळीसचा घेतला म्हणून आपण पन्नासचा घ्यायचा, हार घालून, फटाके वाजवून गावातून फिरवायचा, आणि लहान ट्रॅक्टरकडे बोट दाखवून "हे काय खेळणं आणलं?" म्हणायचे, हे आपण पाहतो ना? ज्याला लोकांच्या हसण्याचे भय वाटते त्याचे यंत्र लोक निवडतात, आणि हप्ता मात्र त्यालाच भरावा लागतो. पाबळच्या विज्ञान आश्रमाची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मोठी नोकरी सोडून 1983 साली शिरूर तालुक्यातील या गावी तो आश्रम काढला. तेथे 'मेकबुल' नावाचा लहान ट्रॅक्टर बनवला गेला. मेकबुल म्हणजे यांत्रिक बैल. जेवढे बैलाचे काम तेवढेच यंत्र, हा विचार त्या नावातच आहे.

दुसरी कसोटी ऋणाची, आणि या भागाला तिचे महत्त्व दुसऱ्या कोणी शिकवायला नको. शिरूर तालुक्यातल्याच करडे गावी 1874 च्या डिसेंबरात कर्जाने गांजलेल्या कुणब्यांनी सावकारावर बहिष्कार घातला. पुढच्या वर्षी 12 मे 1875 रोजी दौंडशेजारच्या सुप्याच्या बाजारात उठाव झाला आणि पुणे-नगर जिल्ह्यांत गावोगाव कर्जखते जाळली गेली. त्यातून 1879 चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. आपल्या पणजोबांनी जे कागद जाळले, तशाच कागदावर आपण आज दुकानातल्या गार हवेत बसून, न वाचता सह्या करतो. तुकोबारायांची कथा तर लहान पोरालाही ठाऊक आहे. लोकांकडून येणे असलेली आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली. दुसऱ्याला ऋणातून मोकळे करणाऱ्याची आपण पालखी वाहतो. निदान स्वतःला तरी ऋणात बुडवू नये.

म्हणून हिशेब आधी करावा. समजा, हप्ता, विमा, तेलपाणी आणि दुरुस्ती मिळून वर्षाला 1,20,000 रुपये पडतात. वस्तीचे काम 200 तासांचे आहे. म्हणजे डिझेल सोडून तासाला 600 रुपये. काम 100 तासांचेच निघाले तर 1,200 रुपये. हा आकडा गावातल्या भाड्याच्या दराशेजारी लिहावा आणि मग बोलावे. 2025 च्या सप्टेंबरात ट्रॅक्टरवरील कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. त्यामुळे किंमत उतरली हे खरे. पण स्वस्त झालेली वस्तू तेवढ्याने गरजेची होत नाही. सरकारी अनुदान घ्यायचे असेल तर महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती हाती आल्यावरच खरेदी करावी. आधी घेऊ, मग कागद करू, असे करणाऱ्याच्या पदरात अनुदान पडत नाही.

येथे वारकऱ्यापुरती एक खास गोष्ट आहे. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून आणि अष्टमीला आळंदीहून पालख्या निघतात, आणि नेमकी तीच पेरणीची घाई असते. ज्याचे रान दोन दिवसांत पेरून होते तो निर्धास्त मनाने यवत-वरवंडच्या वाटेला लागतो. यंत्राने एवढे केले तर ते धन्य झाले. पण त्याच यंत्राचा हप्ता पुरा होत नसेल, तर पेरणीचे दिवस म्हणजे भाड्याचे दिवस. "यंदा वारी राहू द्या, चार पैसे मिळतील," असे घरातली माणसे म्हणू लागतात, आणि त्यांचेही चुकत नाही. जे वारीसाठी मोकळीक मिळावी म्हणून आणले त्यानेच वारी बुडवली. अशी घरे आहेत, वाचकहो. म्हणून आम्ही म्हणतो, भाड्याच्या कमाईच्या भरवशावर हप्ता बांधू नका. घरच्या दूध-उसाच्या पैशातून फिटेल एवढाच बांधा.

तिसरी कसोटी मुक्या जिवाची. ट्रॅक्टर दारी आला की दावणीची जोडी काष्टीच्या नाहीतर बेल्ह्याच्या बाजारात जाते. बैल उभा असला तरी वैरण खातो, हे खरे आहे. दोन एकरवाल्याला बारा महिने जोडी पोसणे परवडत नाही, हेही खरे. परवडत नसताना जोडी ठेवा असा हट्ट आम्ही धरणार नाही. पण ट्रॅक्टर उभा असला तरी हप्ता खातो, आणि शेण देत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. ज्याने दहा वर्षे आपले रान वाहिले त्याला म्हातारपणी बाजार दाखवणे कितपत बरे? 2015 पासून बैलाच्या कत्तलीला राज्यात कायद्याने बंदी आहे. तेव्हा थकलेल्या बैलाला सरळ गिऱ्हाईक कोण मिळणार? शर्यतीच्या खोंडाला लाखांचे मोल आणि औताच्या म्हाताऱ्याला कोणी विचारीत नाही, अशी आजची रीत.

संतांच्या पालखीच्या रथाला जोडी जुंपण्याचा मान मिळावा म्हणून घराणी वर्षानुवर्षे वाट पाहतात. रथाचा बैल तो देवाचा आणि आपल्या गोठ्यातला तो कोणाचा? आमचे सांगणे एवढेच. जोडी तरणी असेल तर ज्याच्या घरी ती राबेल आणि खाईल असे घर स्वतः पाहून द्यावी. जोडी म्हातारी असेल तर ट्रॅक्टरच्या हिशेबात तिच्या उरल्या वर्षांची वैरणही धरावी. पोळ्याला, मग तुमच्या गावी तो श्रावणात असो की भाद्रपदात, ट्रॅक्टरच्या बोनेटला झूल बांधून फोटो काढण्यापेक्षा दावणीच्या जुन्या बैलाच्या तोंडी पुरणपोळी घालणे अधिक शोभेल.

याच कसोटीत माणसाचा जीवही येतो. ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्यात धोतराचा सोगा, उपरण्याचे टोक, बाईचा पदर अडकला तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. त्या दांड्यावरचे झाकण काढून काम करू नये. फवारणीला, कुट्टीला जाताना धोतर खोचून, उपरणे घरी ठेवून जावे. शेजारी लेकरू बसवून औत हाकू नये. बांधाच्या उतारावर आडवे जाऊ नये. यात कसला परमार्थ, असे विचाराल तर घरी वाट पाहणाऱ्याला विचारा.

चौथी कसोटी शेजारधर्माची. आपल्याकडे सावड होती. याचा एक बैल, त्याचा एक बैल, दोघांची मिळून जोडी. इर्जिकीला सारा गाव आपापली औते घेऊन एकाच्या रानात उतरायचा. ट्रॅक्टर आला आणि सावड मोडली, असे लोक म्हणतात. पण ट्रॅक्टरने ती मोडायलाच हवी असे कोठे आहे? तीन-चार घरांनी मिळून एक लहान ट्रॅक्टर घेतला तर हप्ता चौथाई होतो आणि यंत्र रिकामे उभे राहत नाही.

यावर अनुभवी शेतकरी लगेच म्हणेल, "अहो महाराज, बोलायला सोपं आहे. वाफसा चौघांच्याही रानाला एकाच दिवशी येतो. मग पहिली पाळी कोणाची?" हा आक्षेप खरा आहे, आणि भाऊबंदकी पेटते ती येथेच. आम्हांला वाटते, हाच खरा परमार्थाचा प्रसंग होय. पाळीची वही आधीच लिहावी, दरवर्षी क्रम फिरवावा, डिझेल ज्याचे त्याने घालावे, दुरुस्तीसाठी तासामागे ठरलेली रक्कम डब्यात टाकावी. आणि गावात एखादी विधवा बहीण एकटी रान करीत असेल, तर वहीच्या पहिल्या ओळीवर तिचे नाव घालावे. ज्या दिवशी आपल्या रानाचा वाफसा जात असतो त्या दिवशी शेजाऱ्याला यंत्र देणे किती अवघड आहे, हे आम्ही जाणतो. दिंडीत एकमेकांच्या पाया पडणे त्या मानाने सोपे. पण दिंडीत जे वाकणे शिकलो ते बांधावर उपयोगी पडले नाही, तर शिकलो काय?

मजुराचाही विचार याच ठिकाणी करावा. जेथे माणूस मिळतच नाही तेथे यंत्राने कोणाच्या पोटावर पाय येत नाही. जेथे वर्षानुवर्षे येणारी खुरपणीची बाई आहे, तेथे वाचलेल्या पैशातून तिची रोजी वाढवता येते का ते पाहावे.

आता कोणी विचारील, एवढ्या कसोट्या लावायच्या तर ट्रॅक्टर घ्यायचाच नाही असे सरळ का सांगत नाही? तसे आमचे म्हणणे नाही. कंबर मोडेपर्यंत राबणे हेच पुण्य, असे संतांनी कोठेही सांगितलेले नाही. म्हाताऱ्या बापाच्या खांद्यावरचा फवारणीचा पंप उतरत असेल, गृहिणीच्या डोईवरचा वैरणीचा भारा उतरत असेल, तर ते यंत्र जरूर आणावे. ते आणताना चालवून पाहावे. एका सिलिंडरचे यंत्र स्वस्त पडते पण हादरे अधिक देते, हे पाठीला आधी कळू द्यावे. ओल्या रानात चारही चाके ओढणारे बरे. सुटा भाग आणि कारागीर शिरूर, केडगाव, दौंड अशा जवळच्या ठिकाणी मिळतो का, ते चौघांना विचारावे. रंगावर आणि जाहिरातीवर भुलू नये.

आणि शेवटी एक गोष्ट मनाशी ठरवावी. यंत्राने जो वेळ वाचेल तो कोठे जाणार? तो पारावरच्या पत्त्यांत जाणार असेल, तर बैलच बरा होता. तो निदान माणसाला कामात तरी गुंतवीत असे. तो हरिपाठाला, आजाऱ्याच्या उशाला, लेकरांच्या अभ्यासाला, शेजाऱ्याच्या अडल्या रानाला जाणार असेल, तर त्या ट्रॅक्टरला बुक्का लावायला आम्हीही येऊ. गरजेपुरते आणा, ऋण झेपेल तेवढेच काढा, मुक्या जिवाला विसरू नका, शेजाऱ्याला वाटा द्या. एवढे सांभाळले की गळ्यातल्या माळेला काही कमीपणा येत नाही.

रामकृष्णहरि.