मतदाराचा वीट आणि मतदाराचा विवेक

निवडणूक जवळ आली की पारावर, गिरणीत, एसटीच्या फाट्यावर एकच सूर कानी पडतो. "काय करायचंय मत देऊन? एकावर खटले, दुसऱ्याच्या तोंडी विष. उडदामाजी काळे-गोरे निवडायचे तरी काय?" असे बोलणारा मनुष्य आळशी असतोच असे नाही. पुष्कळदा तो भला, सरळमार्गी गृहस्थ असतो आणि त्याला खरोखरीच वीट आलेला असतो. हा वीट नीतीच्या जागेपणातून आला की कर्तव्यातून सुटण्याची ती एक वाट आहे, याचा थोडा विचार करू.

त्याचा वीट निराधार नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. उमेदवाराने आपल्यावरचे फौजदारी खटले शपथेवर लिहून द्यावेत, हा दंडक सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांनी घालून दिला. त्या शपथपत्रांवरून असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने हिशेब मांडला आहे. लोकसभेच्या ५४३ सभासदांपैकी असे खटले असलेले २००९ साली १६२ होते, २०१४ साली १८५, २०१९ साली २३३ आणि २०२४ साली २५१. म्हणजे निम्म्याला थोडेच कमी! आणखी एक गंमत पाहा. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे तुरुंगात असलेल्या माणसाला मत देता येत नाही. पण २०१३ च्या दुरुस्तीने, तो दोषी ठरलेला नसेल तर, त्याला तेथूनच निवडणूक लढवता येते. मत द्यायला अपात्र, पण मत मागायला पात्र! साध्या माणसाने कपाळाला हात लावला तर त्याचे काय चुकले?

येथे कोणी म्हणेल, "मग कायदाच कडक करा ना. खटला भरला की उमेदवार बाद!" हे ऐकायला बरे वाटते. पण खटला भरणे बहुधा सत्तेच्या हाती असते. १९०८ साली लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला पाठवले. महाराष्ट्राने त्यांना अपराधी मानले का? नाही. म्हणून कायदा आरोपावर थांबत नाही, दोष सिद्ध होण्याची वाट पाहतो. दोन वर्षे वा अधिक शिक्षा झाली, तर सुटकेनंतरही सहा वर्षे उभे राहता येत नाही. पूर्वी आमदार-खासदारांना अपील करून पद टिकवण्याची सवलत होती. तीही न्यायालयाने १० जुलै २०१३ रोजी काढून टाकली.

पण खटला भरल्यापासून निकाल लागेपर्यंत वर्षेच्या वर्षे जातात. तेवढ्या काळात निवाडा कोणी करायचा? तो भार मतदारावरच येतो. आणि खरी मेख इथेच आहे.

पूर्वी एखादा लबाड वाणी दोन मापे ठेवी. धान्य घ्यायचे माप मोठे, द्यायचे लहान. आपणही तशीच दोन मापे बाळगतो. आपल्या पक्षाच्या पुढाऱ्यावर खटला झाला, की ते कारस्थान. दुसऱ्याच्या पुढाऱ्यावर झाला, की "बरी अद्दल घडली." आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कार्टा! पुढारी हे पुरते ओळखून असतात. हिशेब विचारला जाऊ लागला, की ते म्हणतात, "संकट माझ्यावर नाही, तुमच्या जातीवर, तुमच्या धर्मावर, तुमच्या प्रांतावर आहे." एवढी आरोळी उठली की चोपडी बाजूला राहते आणि माणसे बाह्या सरसावतात. पक्षाचा अतिरेक आणि पुढाऱ्याचे खटले ही दुखणी दोन दिसतात खरी, पण एक दुसऱ्याच्या आडोशाने वाढते. पक्षातला समंजस माणूस मात्र गप्प बसतो. बोलला तर त्याला फितूर ठरवतील ना!

आता विटलेल्या मतदाराने काय करावे? कोणी घरी बसतो आणि त्यालाच वैराग्य समजतो. अहो, वैराग्य म्हणजे स्वतःचा लोभ सोडणे. शेजाऱ्याचे बरेवाईट ज्यावर अवलंबून आहे ते काम सोडणे, हे वैराग्य कसे होईल? शांत माणूस घरी बसला, तरी तापलेला माणूस मतदानाला जातोच. मग उमेदवार त्याच्याच कलाने बोलू लागतो, आणि ज्या अतिरेकाचा वीट आला तोच बळावतो.

२०१३ पासून 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आले. २०२४ साली इंदूरला २ लाख १८ हजारांहून अधिक लोकांनी ते दाबले. घरी बसण्यापेक्षा हे बरे. निदान नकाराची नोंद तरी होते. पण लोकसभा-विधानसभेला या बटणावर कितीही मते पडली, तरी उमेदवारांत ज्याला जास्त मते तोच निवडून येतो. मग पुष्कळदा उरते ते दगडापेक्षा वीट मऊ म्हणून विटेला मत देणे.

यात पाप आहे का, असे काही पापभीरू लोक विचारतात. आरोप असलेल्याला मत दिले, तर त्याच्या कर्माचे आपण वाटेकरी होतो का? माझ्या मते सगळ्याच कर्माचे होत नाही. पण जेवढे ठाऊक असून आपण झाकले, तेवढ्याचे होतो. विटेला वीट म्हणून निवडले तर तो विवेक. निवडल्यावर तिलाच लोणी म्हणत गावभर हिंडलो, तर आपणही त्या लबाडीत सामील झालो. मत द्यावे, पण मन गहाण टाकू नये.

म्हणून मत देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. खटला कशाचा आहे, लोकांसाठी केलेल्या आंदोलनाचा की लोकांना लुबाडल्याचा? शपथपत्र सर्वांना पाहण्यासाठी खुले असते. नातवाला सांगितले तर तो फोनवर काढून देईल. दुसरे, हा मनुष्य न्यायालयापुढे उभा राहतो की तारखा चुकवत राहतो? आणि तिसरे, सर्वांत अवघड: हाच मनुष्य समोरच्या पक्षात असता, तर मी काय म्हटले असते? जे म्हटले असते, ते आपल्याच पक्षाच्या बैठकीत मोठ्याने बोलावे. परक्याने काढलेला दोष पुढारी हसण्यावारी नेतो. स्वतःच्या माणसाने काढलेला त्याला झोंबतो.

असे बोलणारा गावात एखादाच निघेल, आणि काही दिवस त्याच्याशी कोणी नीट बोलणारही नाही. पण माप एक ठेवायचे म्हटले, तर तेवढे सोसलेच पाहिजे.