पहाणी

आमच्या शाळेची सहल दरवर्षी निघते. रायगड झाला, वेरूळ-अजिंठा झाले, तुळजापूर-पंढरपूर तर किती वेळा झाले याची गणती नाही. बिदर मात्र राहून गेले. भालकी तालुक्यातल्या आमच्या गावाहून ते तासाभराच्या वाटेवर. कोर्ट बिदरला, मोठा दवाखाना बिदरला, शिक्षण खात्याची बैठक बिदरला. जिथे कामासाठी जायचे तिथे पाहायला काय जायचे, असे म्हणत मीच पंचवीस वर्षे काढली.

अखेर तीन वर्षांपूर्वी नववीचा वर्ग घेऊन गेलो. किल्ल्यात मुले पांगली. तख्त महालाच्या मागल्या अंगाला एक मुलगा कर्कटकाच्या टोकाने भिंतीवर नाव कोरताना दिसला. पहिले अक्षर पुरे झाले होते. मी त्याचा हात धरला, रागावलो. मुलगा शहाणा, कधी उलट न बोलणारा. त्याने खरोखरच न कळून विचारले, "पण सर, ते आपलं कुठंय?"

हाच मुलगा आदल्या वर्षी रायगडावर समाधीपुढे कोणी न सांगता चपला काढून उभा राहिला होता.

त्या वेळी मी मुख्याध्यापकाला शोभेल असे उत्तर दिले. सरकारी मालमत्ता आहे, 1958 चा कायदा आहे, दंड होतो. मुलगा गप्प बसला. पण भीतीने थांबलेला हात म्हणजे संस्कार नव्हे, हे मला कळत होते. पहारेकरी नसला की तो हात पुन्हा चालणारच.

घरी आल्यावर विचार करू लागलो आणि ओशाळलो. हे वाक्य त्या मुलाचे नव्हतेच. तीस वर्षे इतिहास शिकवताना मी 'आपला' रायगड आणि 'त्यांचा' किल्ला असेच बोलत आलो होतो. त्यात केवळ धर्म नव्हता, भाषाही होती. 1956 साली जुना बिदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही म्हैसूर राज्यात राहिलो. आमच्या वडीलधाऱ्यांच्या मनात ती सल कायम राहिली. पाटी कन्नडमध्ये, शिलालेख फारसीत, आणि आमचे मन सीमेपलीकडे. त्यामुळे बिदर हे आमचे फक्त कचेरीचे गाव झाले. ज्या गावात जन्म गेला, तिथे आम्ही पाहुण्यासारखे राहिलो.

मग मुलाला काय सांगावे? 'हे सगळे आपल्याच पूर्वजांचे' असे सांगणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. बहामनी सुलतान आमच्या पणजोबांना विचारून राज्य करीत नव्हते. सारा भूतकाळ ओढूनताणून आपला म्हणण्यातही एक लबाडी आहे. आणि समजा, आपले नाही, तर त्याची नासधूस करायला मोकळीक आहे काय? शेजाऱ्याची विहीर आपली नसते, म्हणून कोणी तीत घाण टाकत नाही. कर्तव्य मालकीच्या आधी येते. इथवर माझी खात्री पटली. पण मुलाला 'कर्तव्य' शब्द सांगून भागत नाही. त्याला आपलेपण हवे असते.

उत्तर मला आमच्याच बोलीत सापडले. महाराष्ट्रात शेतकरी सातबारा म्हणतो, आमच्या भागात त्या कागदाला 'पहाणी' म्हणतात. तलाठ्याने शेतावर जाऊन पाहायचे आणि यंदा इथे कोण कसतो, काय पेरले आहे, ते लिहायचे. बाप कोण होता एवढ्यावर ती नोंद थांबत नाही. आज कोण राबतो, हेही त्या कागदावर येते. स्थळांच्या आपलेपणाचे असेच असावे. ज्याने नीट पाहिले, ज्याने निगा राखली, त्याचे नाव पहाणीत चढते.

बिदरचा इतिहास हेच सांगतो. महमूद गवान कुठला? इराणातल्या गिलानचा परदेशी. त्याने 1472 मध्ये इथे मदरसा उभा केला, तिथे ग्रंथ जमवले. 1481 मध्ये खोट्या पत्राच्या आधारे सुलतानाने त्याचा शिरच्छेद करवला. पुढे स्फोटात मदरशाचा मोठा भाग कोसळला, एकच मिनार उरला. तरी आज बिदर म्हटले की त्या सुलतानाचे नाव कोणाच्या तोंडी येत नाही, गवानाचे येते. आणि आमची दामाजीपंतांची कथा? मंगळवेढ्याच्या दुष्काळात कोठारे उघडणाऱ्या भक्ताचे देणे फेडायला विठोबा विठू महाराच्या रूपाने आला तो कुठे? बिदरच्याच दरबारात. अष्टूरला अहमदशहा वलीच्या उरुसाला कलबुर्गी जिल्ह्यातल्या माड्याळचे जंगम आजही येतात. ते कोणाकडे मालकीचा दाखला मागत नाहीत.

पुढच्या वर्षी सहल पुन्हा बिदरलाच नेली, पण रीत बदलली. दहा ठिकाणे धावत पाहण्याऐवजी चारच ठेवली. सकाळी मदरसा, प्रत्येकाने दर्शनी भिंतीवरच्या उरलेल्या रंगीत फरशांचा एक तुकडा निवडायचा आणि पाव तास त्याच्यापुढे बसून वहीत काढायचा. मग किल्ल्यात रंगीन महालातले काळ्या दगडात बसवलेले शिंपल्याचे काम. दुपारी बिदरी कारागिराकडे. जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीची नक्षी ठोकतात आणि शेवटी किल्ल्यातली जुनी माती नवसागरासह पाण्यात उकळून त्यात भांडे घालतात. जस्त काळेभोर होते, चांदी तशीच लखलखीत राहते. एका मुलीने विचारले, "दुसरी माती चालत नाही का?" कारागीर हसून म्हणाला, "नहीं बेटा, यहीं की होना." संध्याकाळी अष्टूरच्या घुमटांखाली सगळे आपोआप हळू आवाजात बोलू लागले.

तो मुलगा तेव्हा दहावीत होता. धाकट्यांना किल्ला दाखवायचे काम मी त्यालाच दिले. तख्त महालापाशी तो थांबला, आपल्या अक्षराकडे बोट केले आणि म्हणाला, "हे मी केलं. तुम्ही करू नका." मी तर त्याला काहीच शिकवून पाठवले नव्हते.

या दिवाळीत लातूर-सोलापूर-पुण्याहून तुमच्या घरी पाहुणे येतील. फराळ झाला की त्यांना बिदर दाखवायला न्या, कलबुर्गीची 1367 ची जामा मशीद दाखवा, बसवकल्याण दाखवा. दाखवता दाखवता आपणही पाहून घ्या. भिंतीवरचे ते अक्षर अजून तसेच आहे. पुसायला जावे तर दगड आणखी खरवडतो.