शिक्षेत न लिहिलेला रोग

न्यायाधीश निकालपत्रात शिक्षा लिहितात: तीन वर्षे सक्तमजुरी, पाचशे रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी एक महिना कैद. आरोपीला क्षयरोग व्हावा, असे कोणत्याही निकालपत्रात लिहिलेले नसते. तरीही जगभरच्या तुरुंगांतून असंख्य माणसे हा रोग घेऊन बाहेर पडली, आणि कित्येक जिवंत बाहेर पडलीच नाहीत. ही जादा शिक्षा कोणत्या कलमाखाली दिली गेली? ती देण्याचा अधिकार कोणाला होता? हा प्रश्न एकट्या डॉक्टरांचा नव्हे. तो नीतीचा प्रश्न आहे, म्हणून तुम्हा-आम्हा सर्वांचा आहे.

आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला तेव्हा एक सहकारी म्हणाले, "सर, चोर-दरोडेखोरांना सरकारने फुकट भाकरी द्यायची आणि वर फुकट औषधही द्यायचे? उन्हातान्हात राबणाऱ्या मजुराला सरकारी दवाखान्यात गोळी मिळत नाही, त्याचे काय?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बहुधा तो दुष्टाव्यातून येत नाही. स्वतः अन्याय सोसलेल्या माणसाच्या तोंडून येतो. त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

नेहमी दिले जाणारे उत्तर असे की, रोग तुरुंगाची भिंत मानत नाही. आज कैद्यावर उपचार केले नाहीत, तर उद्या रोग आपल्या दारात येईल. हे उत्तर खरे आहे आणि इतिहासाने ते वारंवार सिद्ध केले आहे. १७५० साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात न्यूगेट तुरुंगातील कैद्यांना उभे केले गेले. त्यांच्या अंगावरून आलेल्या तापाने खुद्द लंडनचे लॉर्ड मेयर, दोन न्यायाधीश आणि कोर्टात हजर असलेली आणखी कितीतरी माणसे मेली. तुरुंगातला ताप म्हणून ओळखला जाणारा तो रोग म्हणजे उवांमार्फत पसरणारा टायफस होता. १७७३ साली बेडफर्डशायरचा शेरीफ झालेल्या जॉन हॉवर्ड याने तुरुंग फिरून पाहिले. फासावर जेवढे चढतात त्याहून अधिक या तापाने मरतात, हे त्याने जगापुढे मांडले. निर्दोष सुटलेली माणसेसुद्धा तुरुंगाधिकाऱ्याची फी भरता आली नाही म्हणून आतच सडत होती, हेही त्याने दाखवून दिले. १७७४ साली ब्रिटिश संसदेने कायदे केले. ती फी बंद झाली. भिंतींना चुना, हवेशीर कोठड्या, आजाऱ्यांसाठी वेगळी खोली आणि डॉक्टर या गोष्टी कायद्यात आल्या. पुढे १७९० साली हॉवर्ड रशियन साम्राज्यातील खेरसोन येथे तापानेच वारला.

दुसरा दाखला अलीकडचा, त्याच रशियातला आहे. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला आणि आरोग्याची घडी विस्कटली. रशियाच्या तुरुंगांत त्या दशकात सुमारे दहा लाख माणसे होती, आणि साधारण दहांतील एकाला क्षयरोग जडलेला होता. खटल्याची वाट पाहणारे कच्चे कैदी इतके कोंबलेले असत की पाळी लावून झोपावे लागे. क्षयाची औषधे अनेक महिने, एकही खाडा न करता, एकत्र घ्यावी लागतात. ती तुटक मिळाली की दुर्बळ जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. मग आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ही दोन्ही मुख्य औषधे निरुपयोगी होतात. रशियात नेमके हेच झाले. असा चिवट क्षय गरिबांच्या देशात बरा करणे परवडत नाही, असे तेव्हाचे पुष्कळ तज्ज्ञ म्हणत. परंतु सायबेरियातील टॉम्स्क येथे २००० सालापासून रशियन डॉक्टर आणि पार्टनर्स इन हेल्थ ही संस्था यांनी तुरुंगात आणि बाहेर एकच उपचार सुरू केला. औषधाबरोबर अन्न दिले आणि सुटलेल्या माणसाचा पाठपुरावा केला. पहिल्या २४४ रुग्णांपैकी सुमारे ७७ टक्के बरे झाले. असाध्य म्हणून ज्यांच्यावर पाणी सोडले होते, त्यांतील तीन चतुर्थांश माणसे चालत घरी गेली!

इतके असूनही 'रोग आपल्या दारात येईल' हे उत्तर लंगडे आहे, असे माझे म्हणणे आहे. भीती हेच जर कारण असेल, तर उपचारापेक्षा स्वस्त उपाय हाताशी आहे: दार आणखी घट्ट लावा, आजारी माणसाला आतच मरू द्या. भीतीचे समाधान तेवढ्यानेही होते. शिवाय जो रोग दुसऱ्याला होत नाही, त्याचे काय? फादर स्टॅन स्वामी हे ८४ वर्षांचे कच्चे कैदी तळोजा कारागृहात होते. कंपवाताने हात थरथरत म्हणून पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा, असा अर्ज त्यांना नोव्हेंबर २०२० मध्ये न्यायालयात करावा लागला. पुढे करोनाही झाला आणि ५ जुलै २०२१ रोजी मुंबईच्या रुग्णालयात, जामिनाचा निर्णय होण्याआधी, ते वारले. कंपवात भिंत ओलांडून कोणाच्याही दारात येणार नव्हता. मग त्यांना पेला द्यायला नको होता काय? भीतीच्या नीतीत या प्रश्नाला उत्तर नाही.

खरे कारण दुसरीकडे शोधले पाहिजे. बाहेरचा माणूस कितीही गरीब असो, तो खिडकी उघडू शकतो. खोकणाऱ्यापासून दूर बसू शकतो. एका दवाखान्यात दाद लागली नाही तर उसने पैसे घेऊन दुसरा गाठतो. घरात आई पेज करून देते. कैद्याच्या हातून हे सारे राज्याने काढून घेतलेले असते. खिडकी कोणती, शेजारी कोण, डॉक्टर कोण, हे सारे दुसराच ठरवतो. ज्याने माणसाचे पाय बांधले, त्याच्यावर त्याला पाणी आणून देण्याचे कर्तव्य येते. हा उपकार नव्हे, हे देणे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १७ डिसेंबर २०१५ रोजी स्वीकारलेल्या मंडेला नियमांतही हेच तत्त्व आहे: कैद्याची आरोग्यसेवा ही राज्याची जबाबदारी, ती विनामूल्य आणि बाहेरच्या समाजाइतक्याच दर्जाची हवी, आणि सुटकेनंतरही क्षय किंवा एचआयव्हीचा उपचार तुटता कामा नये.

आता माझ्या सहकाऱ्यांना उत्तर देतो. मजुराला गोळी मिळालीच पाहिजे. पण कैद्याची गोळी काढून घेतल्याने ती मजुराच्या हाती पडत नाही. दोन वंचितांना तराजूच्या दोन पारड्यांत बसवले की दोघांचेही देणे बुडवणारा तिसरा निसटून जातो. आपल्या समाजाला हा खेळ नवा नाही.

आणि 'चोर-दरोडेखोर' म्हणजे नेमके कोण? ३१ डिसेंबर २०२२ रोजी भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे दर चारांतील तीन, कच्चे कैदी होते. ज्यांना कायदा आजही निर्दोष मानतो असे. शंभरांच्या जागेत १३१ माणसे राहत होती. त्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्यापेक्षा अधिक होते. माझ्या वर्गातील एका मुलाचे वडील असेच चौदा महिने आत होते. जामिनावर आले ते खोकला घेऊन. आत औषध सुरू झाले होते. सुटताना हातात ना गोळ्या दिल्या, ना कागद. पुन्हा पहिल्यापासून तपासण्या होऊन औषध सुरू होईपर्यंत दोन महिने गेले, आणि तेवढ्यात मुलगाही खोकू लागला. पुढे वडील खटल्यातून निर्दोष सुटले. एक निकाल न्यायालयाने दिला. दुसरा, फुप्फुसावर लिहिलेला, कोण फिरवणार?

तुरुंगातील आरोग्याला जातही चिकटलेली आहे. झाडलोट आणि संडासाची सफाई अमुक जातींनी करायची, स्वयंपाक अमुक जातींनी, अशा तरतुदी अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत होत्या. सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी त्या घटनाबाह्य ठरवल्या आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्यास सांगितले. रोगाच्या घाणीत प्रथम कोणाचे हात घालायचे, हेही जन्मावरून ठरत होते!

विनयपिटकाच्या महावग्गात आजारी भिक्खूची गोष्ट आहे. पोटाच्या विकाराने तो आपल्याच मलमूत्रात पडला होता. इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते. कारण काय, तर तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला लावून त्याला स्वतः धुतले. मग भिक्खूंना समजावले की येथे तुम्हाला ना आई आहे ना बाप. तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील? आजाऱ्याची लायकी काय, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. कैद्यालाही आत आई-बाप नसतात.

करायचे काय, हे गूढ नाही. तुरुंगात येताक्षणी प्रत्येकाची क्षयासाठी तपासणी व्हावी. एचआयव्हीची तपासणी संमतीने आणि गुप्तता राखून व्हावी. बराकीत हवा यावी. जामिनाची रक्कम भरता येत नाही एवढ्याच कारणाने आत राहिलेल्यांना सोडून गर्दी कमी करावी. सुटणाऱ्याच्या हातात गोळ्या आणि त्याच्या गावच्या आरोग्य केंद्राच्या नावे चिठ्ठी द्यावी. तुरुंगातील डॉक्टर तुरुंग खात्याच्या हाताखाली न ठेवता आरोग्य खात्याचा असावा. नॉर्वेने १९८८ साली आणि फ्रान्सने १९९४ साली असा बदल केला.

आपल्या हातीही काही आहे. आपल्या जिल्ह्याच्या तुरुंगात डॉक्टरांच्या जागा किती, भरलेल्या किती, गेल्या वर्षी किती कैदी कोणत्या रोगाने वारले, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते. प्रत्येक विहारातून असा एक अर्ज गेला पाहिजे. उत्तर आले की ते मोठ्याने वाचावे, आणि मग आपण या माणसांचे काय देणे लागतो, याचा हिशेब मांडायला बसावे.